वाट्याचा अक्रोड

११ जून १९६३

डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, नाहीतर प्लास्टर निघेपर्यंत त्यांची लाकडं होतील. काय करू, विचारलं, तर म्हणाले, लिहा काहीतरी. सत्तावन्न वर्षांच्या बाईने काय लिहायचं? पाव भाजला, पाव कापला, पाव खाल्ला. पण ऐकलं नाही तर पुन्हा त्यांचं तोंड बघावं लागेल, म्हणून ही वही. अक्षर कोंबडी नाचून गेल्यासारखं आलंय. वाचणार कोण आहे म्हणा.

माझं लिहायचं, डावं मनगट मोडलं त्याला दाग्नीचं डुक्कर कारण. शनिवारी सकाळी ते माझ्या भट्टीघरात शिरलं आणि आंबवणाच्या मडक्यात तोंड घालणार, तेवढ्यात मी पाव काढायचं लांब फावडं घेऊन धावले. डुक्कर वाचलं, आंबवण वाचलं, मी ओल्या फरशीवर आडवी झाले. दाग्नी पळत आली आणि आधी डुकराला कुठे लागलंय का ते तिने पाहिलं. दहा वर्षांची मैत्रीण ही माझी.

सहा आठवडे पीठ मळायचं नाही. आमच्या या स्टिलेंग गावच्या सव्वीस माणसांनी तोपर्यंत काय खायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

१२ जून

सकाळचं प्रार्थनेचं मौन संपल्यावर विलाड्सकाकांनी सांगितलं, की एब्बे माझ्या मदतीला येईल. काका एक्याऐंशी वर्षांचे. ज्या अकरा जणांनी हे गाव वसवलं त्यांच्यातले तेवढे एकच आता उरलेत. इथे कुणी कुणाला हुकूम करत नाही, पण काकांनी सुचवलेलं सहसा कुणी मोडत नाही.

बाहेर आल्यावर मी दाग्नीला म्हटलं, "तो मुका?"

"मुका नाही गं. बोलत नाही, एवढंच."

"गायी मोकळ्या सोडणारा तोच ना?"

"हो. आणि मागाचा धागा गुंतवून ठेवला तो पण तोच. तीन दिवस सोडवत होते सगळे." दाग्नीला भारी आनंद झाला होता. "तुझ्या भट्टीचं आता भलं होणार बघ."

हा एब्बे एप्रिलमध्ये आला. पंचेचाळीसच्या आसपासचा, पूर्वी कुठेतरी शाळेत गणित शिकवायचा म्हणे. नव्या माणसाला सप्टेंबरपर्यंत ठरलेलं काम नसतं, जिथे हात कमी पडतील तिथे पाठवतात. जिथे पाठवला तिथून तो परत आला. आता माझ्या वाट्याला.

१९ जून

आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी पीठ त्याच्या कोपरापर्यंत चिकटलं होतं आणि तो हातांकडे असा पाहत होता, जणू ते दुसऱ्याचेच आहेत. मी खुर्चीवर बसून सांगते, तो करतो. उलट उत्तर नाही, प्रश्न नाही. मीच दिवसभर बोलत राहते. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं, कारण भिंत पीठ मळत नाही.

पण एक गोष्ट मला खपली नाही. दहा वाजता आम्ही कॉफी घेतो. हा पावाचे दोन काप कापतो, दोन्हीला लोणी लावतो, एक खातो आणि दुसरा समोर ताटलीत तसाच ठेवून देतो. रोज. आज मी सरळ बोलले, की भूक एकाची असेल तर एकच कापावा, इथे अन्न टाकायची पद्धत नाही. तो म्हणाला, "चुकलं." एवढंच. आणि तो काप कागदात गुंडाळून खिशात घातला. मी बोलले ते योग्यच होतं.

२ जुलै

योग्य नव्हतं.

दाग्नी आज बादल्या घेऊन चालली होती, तिला मी गंमत म्हणून त्या दोन कापांचं सांगितलं. ती थांबली. बादल्या खाली ठेवल्या.

"बोदिल, त्याची बायको फेब्रुवारीत गेली. तुला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार?"

"सगळ्यांना सांगितलं होतं, रविवारच्या सभेत. तू तेव्हा भट्टीत लाकडं घालायला उठून गेली असशील. नेहमी जातेस."

मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष. तिथून परत आले आणि एब्बेला म्हणाले, की मीठ नीट चाळत जा. पीठ मळताना त्याची पाठ माझ्याकडे होती. दहा वाजता मी काही न बोलता लोण्याचं भांडं त्याच्याजवळ सरकवलं. त्याने एकच काप कापला होता. मला वाटलं, दुसराही कापून घे म्हणावं. म्हणता आलं नाही.

७ जुलै, रविवार

आज दुपारी सफरचंदाच्या झाडाखाली बसलो असताना दाग्नीने डुकरांचं रडगाणं लावलं. तीन वर्षं ओळीने तिला चिठ्ठीत डुकरं आलीत आणि या सप्टेंबरात मिकेलच्या सणाला पुन्हा तीच आली तर ती म्हणे मेणबत्त्या वळणाऱ्यांना विष घालणार आहे, कारण ते दिवसभर सावलीत बसून गाणी म्हणतात. मी तिला चांगलं सुनावलं. आपण स्वतः काम निवडत नाही, यातच तर स्टिलेंगचं सगळं आलं. हे गाव वसवणारे धर्मगुरू, पास्टर आंकर म्हणायचे, माणूस एका कामात फार मुरला की त्याला ते काम आपल्या मालकीचं वाटू लागतं, आणि मालकी आली की भांडण आलं. म्हणून दर सणाला नव्या चिठ्ठ्या, अक्रोडाच्या पोकळ टरफलात घालून दोऱ्याने बांधलेल्या. आणि अक्रोड आपण उचलायचाही नाही. टोपली फिरवणारा कापडाखाली हात घालून काढतो आणि ओंजळीत ठेवतो. हात पुढे करा, बोटं वळवू नका. एवढं सोपं आहे.

"तुला सोपं आहे," दाग्नी म्हणाली. "नऊ वर्षं भट्टी. तुझ्यावर देवाची फारच मर्जी आहे बाई."

"विश्वास ठेवला की होते मर्जी," मी म्हणाले.

ती खूप वेळ हसत होती. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

जे मी तिला सांगितलं नाही, कुणालाच आजवर सांगितलं नाही, ते इथे लिहिते. माझा अक्रोड दर वर्षी गरम असतो. खरंच सांगते. बाकीच्यांचे कसे असतात ते मला माहीत नाही, विचारायची सोय नाही, पण माझ्या ओंजळीत पडतो तो कोंबडीखालून नुकत्याच काढलेल्या अंड्यासारखा असतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी तो दोन्ही हातांनी झाकून धरला. दोरा सोडला, टरफलाच्या दोन वाट्या उघडल्या, आत चिठ्ठी: भट्टी. त्याआधीचं वर्ष मी धुलाईघरात काढलं होतं. तिथे लागले तेव्हा माझा नवरा रेग्नार जाऊन चार महिने झाले होते आणि त्या हिवाळ्यातलं मला फारसं काही आठवत नाही. पण तो गरम अक्रोड आठवतो. मला वाटलं, कुणीतरी माझ्याकडे बघतंय. त्यानंतर प्रत्येक सणाला तसंच. एवढी खूण मिळाल्यावर माणसाने आणखी काय मागायचं?

विलाड्सकाकांना सांगावं असं एकदा मनात आलं होतं, टोपली तेच फिरवतात म्हणून. सणाच्या सकाळी ते भट्टीघरात येतात आणि तासभर भट्टीच्या तोंडाशी बसून राहतात. त्यांचे हात बारा महिने बर्फासारखे असतात, वय झालं. उजव्या हाताने कॉफी पितात, डावी मूठ मांडीवर मिटलेली. सांधे आखडलेत, उघडत नाही म्हणतात. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला आपल्या खुणा आणि साक्षात्कार कशाला सांगा, म्हणून राहिलं.

२३ जुलै

प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो माझा नाही, कुणा आजारी म्हातारीचा आहे. पिठाचा गोळा उचलायला गेले आणि तो परातीत तसाच राहिला. एब्बेने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग बाजूला उभं राहून मळायला लागला, मी मळत असल्यासारखी हात पिठावर ठेवून उभी होते.

जेवताना विलाड्सकाका म्हणाले, "आजचा पाव छान झालाय."

"एब्बेने केलाय," मी म्हणाले. खरं ते बोलले, पण मला ते आवडलं नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले आणि तो बीट कापत राहिला, कानापर्यंत लाल होऊन.

३० जुलै

तो आता बोलतो. फार नाही. आज विचारलं, की आंबवण पावसाळी हवेत हळू का फुगतं. मी सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे त्याचाही मूड असतो."

"माझ्याहून चांगला असतो," मी म्हटलं.

हसला. दात बरे आहेत त्याचे.

१८ ऑगस्ट, रविवार

काळ्या पावाचा जळका वास येतोय म्हणून धावले, तर तो जळला नव्हता, एब्बेने कवच मुद्दाम गडद केलं होतं. चावून पाहिला. माझ्यापेक्षा चांगला. वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून लिहिते. माझ्यापेक्षा चांगला.

मग कॉफी पिताना तो म्हणाला, "मिकेलचा सण झाला की मी बहुतेक जाईन."

"कुठे?"

"कोल्डिंगला घर आहे माझं. रिकामं. बाकी मला इथे काही जमत नाही, बोदिल. पाव सोडला तर. आणि पाव तर तुमचा आहे."

इथे काहीच कुणाचं नसतं, हे त्याला सांगायला हवं होतं. दाग्नीला सांगितलं तसं चढ्या आवाजात. मी म्हणाले, "तुझी मर्जी." आणि लाकडं आणायला गेले. तिथे उभी राहिले आणि मला आनंद झाला. एक क्षणभरच, पण झाला. तो गेला की भट्टी पुन्हा माझी एकटीची. मग त्याचं ते रिकामं घर डोळ्यापुढे आलं. रिकामं घर कसं असतं ते मला कुणी शिकवायला नको.

१५ सप्टेंबर, रविवार

आज सभेत विलाड्सकाका उभे राहिले आणि म्हणाले, की यंदापासून टोपली बोदिलने फिरवावी. आपल्या गुडघ्यांना आता पंचवीस ओंजळींची फेरी झेपत नाही. मग आम्ही पद्धतीप्रमाणे गप्प बसलो. हरकत असणाऱ्याने त्या शांततेत उभं राहायचं असतं. कुणीच उठलं नाही. मी उठायला हवं होतं.

कारण टोपली फिरवणाऱ्याला शेवटी उरलेला अक्रोड मिळतो. टोपलीतून आधी पंचवीस हातांसाठी पंचवीस अक्रोड निघतील आणि त्यात भट्टीची चिठ्ठी एकच. नऊ वर्षं पुढे केलेल्या हातावर पडलं, आता हात पुढे करायचाच नाही. देव शेवटच्या अक्रोडातही घालू शकतो म्हणा. त्याला कोण अडवणार?

दाग्नी बाहेर म्हणाली, "आता बघू या मर्जी."

२० सप्टेंबर

मला झोप येत नाही. दिवसा डोळे मिटतात, पीठ फुगायची वाट बघत असताना. भट्टी गेली तर मी काय करणार? धुलाईघराच्या नुसत्या वासाने मी वाट बदलते, तो साबण, ती ओली वाफ. पाव करताना मी बोदिल असते. बाकीच्या वेळी मी रेग्नारची विधवा असते. हे असं वाटणं म्हणजेच ती मालकी, जिच्याविरुद्ध हे सगळं गाव वसलंय, एवढं मला कळतं. कळून काय उपयोग?

काकांकडे टोपली आणायला गेले तेव्हा त्यांनी मला बसवून शिकवलं. आदल्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहायच्या, टरफलात घालून लाल दोरा बांधायचा. फेरीत बोलायचं नाही. मग म्हणाले, "उजवा हात टोपलीत घालायचा. डावा कापडाखाली असू दे."

"डावा कशाला?"

"टोपली धरायला." त्यांनी टोपली माझ्या मांडीवर ठेवली. "आणि हात ऊबदार ठेव गं. थंड हाताने दिलेलं कुणाला आवडत नाही."

म्हातारपणी माणूस बारीकसारीक गोष्टींना किती जपतो. मी हो म्हटलं.

२८ सप्टेंबर

एब्बेने आपली पेटी बांधलीय. भट्टीघराच्या दारातून त्याच्या खोलीचं दार दिसतं, पेटी बाहेर काढून ठेवलीय, वर कोट. परवाच्या बोटीने जाणार.

दुपारी चिठ्ठ्या लिहिल्या. गायी चार, भाजीमळा पाच, डुकरं दोन, धुलाईघर तीन, असं करत सव्वीस. भट्टीची लिहिली, टरफलात घातली, दोरा बांधला. आणि त्याच्यावर आणखी एक गाठ मारली. बाकी सगळ्यांना एक गाठ, याला दोन. बोटांना कळावी म्हणून. का, ते आज लिहीत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार. मिकेलचा सण

लिहिते.

मी भट्टी चोरणार होते. दुसरा शब्द नाही याला. दोन गाठींचा अक्रोड चाचपून काढायचा, डाव्या मुठीत लपवून ठेवायचा, पंचवीस जणांना उरलेले वाटायचे आणि शेवटी रिकाम्या टोपलीतून तोच माझा म्हणून बाहेर काढायचा. मी, जी दाग्नीला विश्वासावर प्रवचन देते.

सभागृहात बाकं गोल मांडली होती, खिडक्यांत राय धान्याच्या कणसांच्या पेंढ्या, मधे टेबलावर एब्बेने केलेला सणाचा मोठा पाव. मौन झालं. मी टोपली उचलली आणि कापडाखाली दोन्ही हात घातले. दोन गाठी लगेच सापडल्या. तो अक्रोड मी डाव्या मुठीत धरला आणि फेरी सुरू केली.

पहिली ओंजळ विलाड्सकाकांची. मग एकेक. दाग्नीच्या ओंजळीत अक्रोड ठेवला तेव्हा तिने माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. डावी मूठ इतकी घट्ट आवळली होती, की मोडलेलं मनगट पुन्हा ठणकायला लागलं. माणसं हात पुढे करत होती, बोटं न वळवता, आणि एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. आपण चोर आहोत हे माहीत असताना लोकांनी विश्वासाने बघितलं, तर फार वाईट वाटतं.

एब्बे एकोणिसावा होता. त्याने ओंजळ पुढे केली. त्याच्या नखांच्या कडेला पीठ वाळलेलं होतं. मी नऊ वर्षं घासूनही माझ्या नखांचं कधी निघालं नाही, तसंच. त्याचे डोळे दाराकडे होते, जाणाऱ्या माणसाचे असतात तसे. आणि मला त्या ताटलीतला लोणी लावलेला काप आठवला, ज्याला मी नासाडी म्हणाले होते.

उजवा हात टोपलीतच राहिला. मी डावी मूठ बाहेर काढली आणि त्याच्या ओंजळीत उघडली. मला कुणी उघडायला लावली नाही. मीच उघडली.

फेरीत कुणी बोलत नाही, पण तो नवा. तो अक्रोडाकडे बघत मोठ्याने म्हणाला, "गरम आहे."

सगळ्यांनी ऐकलं. दाग्नीला खोकल्याची उबळ आली. आणि मी टोपली हातात घेऊन तिथेच उभी राहिले, कारण त्या दोन शब्दांनी माझी नऊ वर्षं एकदम समोर आणून ठेवली. भट्टीच्या तोंडाशी बसलेला म्हातारा. न उघडणारी डावी मूठ. मी वळून विलाड्सकाकांकडे पाहिलं. ते खिडकीतून सफरचंदाच्या झाडाकडे बघत होते, फार लक्ष देऊन, जणू त्या झाडाला आत्ताच काहीतरी होणार आहे.

उरलेली फेरी कशी पूर्ण केली ते आठवत नाही. शेवटचा अक्रोड मी घेतला. थंडगार होता. सगळ्यांनी एकदम दोरे सोडले. एब्बेने चिठ्ठी वाचली, उलटी करून पाठ बघितली, पुन्हा वाचली आणि खाली बसला. दाग्नीला चौथ्यांदा डुकरं. माझ्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: धुलाईघर.

संध्याकाळी पाहिलं तर पेटी दारात नव्हती. आत गेली होती.

३० सप्टेंबर

सकाळी काकांकडे गेले. ते कॉफी पीत होते, दोन्ही हातांनी.

"काका, माझा अक्रोड गरम कसा असायचा?"

"कुठला?"

"नऊच्या नऊ."

"माझे हात मुळातच गरम असतात गं."

मी त्यांचा हात धरला. बर्फ. मी तो सोडला नाही आणि त्यांनीही काढून घेतला नाही.

मग ते म्हणाले, "त्या हिवाळ्यात तू एकच चादर सकाळपासून दुपारपर्यंत धूत बसायचीस. कुणाशी अवाक्षर नाही. एकदा भट्टीवरची बाई आजारी पडली म्हणून तुला पाठवलं. संध्याकाळी जेवायला आलीस आणि म्हणालीस, मीठ कमी पडलंय, माझ्याआधी करणारीला मोजता येत नव्हतं. चार महिन्यांतलं तुझं पहिलं वाक्य. आम्ही सगळे जेवायचे थांबलो."

"आणि नियम? पास्टर आंकर काय म्हणाले असते?"

"आंकर फार मोठा माणूस. एकदा त्याला भट्टी आली होती. वर्षभर आम्ही पाव करवतीने कापला." त्यांनी कप खाली ठेवला. "मी देवाला दर वर्षी सांगायचो, चुकत असेन तर हात धर. त्याने धरला नाही."

मी रडले. आधी वाटलं रागाने. देवाचा हात म्हणून नऊ वर्षं ज्याचे आभार मानले तो एका म्हाताऱ्याचा हात होता, एवढी फजिती कुणाची झाली असेल? पण राग शोधायला गेले तर सापडेना. कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं होतं. ते खोटं नव्हतंच. बघत होतं.

३ ऑक्टोबर

धुलाईघराचा तिसरा दिवस. साबण तोच, वास तोच, पण वाट बदलावीशी वाटली नाही. सव्वीस माणसांच्या चादरी वाळत घातल्या की मैदान भरून जातं. वारा चांगला होता. खिडकी भट्टीघराकडे उघडते हे मला त्या वेळी कसं दिसलं नव्हतं?

दाग्नी कुंपणाशी आली. मी तिला सांगितलं, की विश्वासावर जे बोलले त्याबद्दल माफ कर. आणि विचारलं, "गावात सगळ्यांना माहीत होतं का?"

"सगळ्यांचं मला काय माहीत? मला एवढंच माहीत, की माझा अक्रोड दर वर्षी थंडगार असतो." मग बादली उचलत म्हणाली, "पाव चांगला मिळत होता, बोदिल. लोक काही एवढे धार्मिक नसतात."

पुढच्या वर्षी दाग्नीला मेणबत्त्या मिळाव्यात असं मला फार वाटतं. हात ऊबदार ठेवायला हवेत. हे मी लिहिलेलं नाही.

दहा वाजता एब्बे आला. एका हातात कॉफीचं भांडं, दुसऱ्या हातात ताटली. त्याच्या हाताने, माझ्या देखरेखीशिवाय निघालेला पाव. उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसला. दोन काप कापले, दोन्हीला लोणी लावलं. एक स्वतः घेतला. दुसरा ताटलीत ठेवला, आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

मी खाल्ला. मधे जरा कच्चा होता. सांगितलं नाही.